मानमोडी येण्याआधी

परसात दहा-बारा कोंबड्या असलेल्या घराला आजाराची पहिली वर्दी कानावाटे मिळते. दिवसा कोंबडी आपलं दुखणं लपवते. चौघींबरोबर उकिरडा उकरते, दाणे टिपते, कारण कळपात अशक्त दिसणाऱ्या कोंबडीला बाकीच्या टोचून हैराण करतात. रात्री सगळ्या खुराड्यात बसल्या, कलकलाट थांबला, की आतून बारीक घरघर ऐकू येते. मधूनच एखादी शिंक. मग एखादी मान लांबवून, चोच उघडी टाकून हवा ओढू लागते. सकाळी घरातली बाई कृषी सेवा केंद्रात किंवा मेडिकलमध्ये जाते आणि सांगते, ‘कोंबड्यांना सर्दी झालीय, काहीतरी द्या.’ दुकानदार एखादी पुडी देतो, नाहीतर माणसांच्या टेट्रासायक्लिनच्या दोन कॅप्सूल. त्या पाण्यात फोडून घातल्या जातात. आठवड्याभरात खुराड्यात एखाद-दुसरी कोंबडी उरते, कधी तीही उरत नाही.

नंदुरबारच्या पाड्यावर हे घडतं, कोकणातल्या वाडीत घडतं, आणि मी जिथे राहते त्या फरीदाबादच्या यमुनाकाठच्या गावांतही घडतं. 2019च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या 31 कोटी 70 लाख मोजल्या गेल्या. आधीच्या गणनेपेक्षा ही संख्या जवळजवळ 46 टक्क्यांनी वाढली होती. एवढ्या कोंबड्यांमागे बहुतेक ठिकाणी एक बाई उभी असते. अंडी विकून वही-पेन्सिल आणणारी, पाहुणा आला की कोंबडा कापून वेळ निभावणारी, दवाखान्यात जायला पैसे लागले की दोन तलंगा बाजारात नेणारी. तिचं हे चालतं-फिरतं भांडवल वर्ष-दोन वर्षांनी एका आठवड्यात नाहीसं होतं, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. ते टाळण्याची लस आपल्या देशात गेली ऐंशी वर्षं आहे. ती तिच्या खुराड्यापर्यंत का पोचत नाही, हे मला या लेखात मांडायचं आहे.

आधी कोंबडीचा श्वास समजून घ्यायला हवा. आपली फुप्फुसं भात्यासारखी फुगतात आणि मिटतात. कोंबडीची फुप्फुसं लहान, घट्ट आणि बरगड्यांना चिकटलेली असतात. ती फारशी हलत नाहीत. हवा ढकलण्याचं काम नऊ पातळ पिशव्या करतात. त्या छातीत, पोटात, आतड्यांच्या आजूबाजूला पसरलेल्या असतात. त्यांची एक शाखा पंखाच्या वरच्या हाडाच्या पोकळीतही शिरते. छाती आणि पोट वेगळं करणारा आपल्यासारखा पडदाच तिला नाही. हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहते, त्यामुळे प्राणवायू शोषून घेण्यात पक्षी आपल्या कितीतरी पुढे आहेत. पण त्याच वाटेने धूळ, धूर, अमोनिया आणि जंतूही खोलवर जातात. पिशव्यांच्या त्या पातळ पापुद्र्यात रक्तवाहिन्या थोड्या असतात, म्हणून तिथे रुजलेल्या जंतूंपर्यंत औषधही नीट पोचत नाही. कोंबडीची सर्दी नाकापुरती राहत नाही, ती याच कारणाने.

आता ही घरघर कशाची? एकाच आवाजाची कारणं निदान सहा-सात आहेत. डोळ्यांत फेस, शिंका, हळूहळू वाळत जाणारी कोंबडी, पण मरतुक थोडी, असं असेल तर मायकोप्लाझ्मा हा जंतू असण्याची शक्यता मोठी. त्याला कुक्कुटपालक सीआरडी म्हणतात. एका बाजूने सुजलेलं तोंड, मिटलेला डोळा, नाकातून चिकट आणि घाण वासाचा स्राव, हा कोरायझा. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या आणि घशात पिवळट पापुद्रा दिसला तर देवी. त्या पापुद्र्याने श्वासनलिका बंद होऊन कोंबडी गुदमरते. खोकताना रक्ताचे थेंब उडाले तर स्वरयंत्राचा विषाणूजन्य दाह. इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिस हा कोंबड्यांचा कोरोना विषाणू 1930च्या दशकापासून माहीत आहे. त्यात पिल्लं धापा टाकतात आणि अंडी वेडीवाकडी, पातळ कवचाची येतात. भिजलेल्या तुसावर बुरशी धरली की पिल्लांच्या फुप्फुसात गाठी होतात. आणि मग राणीखेत, खेड्यात जिला मानमोडी म्हणतात.

मानमोडीत घरघरीबरोबर हिरवट-पांढरी हगवण लागते. कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात बसते. काही दिवस तगली तर मान पिळवटते, आकाशाकडे वळते. पाय किंवा पंख लुळा पडतो, दाणा टिपायला गेली की चोच भलतीकडेच आपटते. लस न दिलेल्या कळपात जोरदार साथ शिरली तर शंभरातल्या नव्वद-पंचाण्णव जातात. रोग विषाणूचा आहे, त्यावर औषध नाही. टेट्रासायक्लिन नाही, हळद नाही, लसणाचा रस नाही, दारूचे थेंबही नाहीत. हे घरगुती उपाय करणाऱ्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण ज्या कळपाला मानमोडी झाली आहे, त्यात उरलेल्या कोंबड्या उपायाने नव्हे, स्वतःच्या प्रतिकारशक्तीने वाचलेल्या असतात, आणि पुढच्या साथीत तोच उपाय गावभर सांगितला जातो.

या रोगाचा आपल्याकडचा इतिहास फार जवळचा आहे. 1926 साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराजवळ हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. पुढच्याच वर्षी कुमाऊँमधल्या राणीखेतला तो दिसला, आणि तिथून जवळच्या मुक्तेश्वरच्या पशुरोग संशोधन संस्थेत काम करणाऱ्या एडवर्ड्स यांनी त्याचं वर्णन केलं. ही मुक्तेश्वरची संस्था मुळात पुण्याची. 1889 साली इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी म्हणून ती पुण्यात सुरू झाली आणि जनावरांच्या घातक जंतूंवर काम करायला एकांत आणि थंडी हवी म्हणून 1893 साली हिमालयात गेली. तिथेच 1940च्या दशकात या विषाणूचा सौम्य केलेला वाण तयार झाला. आजही देशात आर-टू-बी नावाने टोचली जाणारी लस याच मुक्तेश्वर वाणाची. सहा ते आठ आठवड्यांच्या तलंगेला ती कातडीखाली दिली की वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ संरक्षण मिळतं. त्याआधी, पाचव्या ते सातव्या दिवशी, पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा किंवा एफ वाणाच्या लसीचा एक थेंब. महाराष्ट्रात या लसी पुण्यातल्या औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत सरकारच तयार करतं. लशीच्या एका मात्रेची किंमत अंड्याच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी आहे.

अडचण कुपीत आहे. लस गोठवून वाळवलेल्या गोळीच्या रूपात येते आणि बहुतेक कुप्या शंभर, दोनशे, पाचशे, हजार मात्रांच्या असतात. ती दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, आणि द्रावणात मिसळल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. पाच हजार कोंबड्यांच्या शेडवाल्याला हा हिशेब सोपा. बारा कोंबड्यांच्या बाईसाठी कुपी फोडायची तर अठ्ठ्याऐंशी मात्रा वाया जाणार. दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, शंभर कोंबड्या गोळा करा, मग येतो. शंभर कोंबड्या म्हणजे आठ-दहा घरं, आणि कोंबड्या तर पहाटे खुराडं उघडलं की शेतात, झुडपात, शेजारच्या उकिरड्यावर. त्या हाती लागतात रात्री किंवा झापाचं दार उघडण्याआधी, आणि दवाखाना उघडतो दहाला. लस खुराड्यापर्यंत न पोचण्याचं कारण बाईचं अज्ञान आहे असं शासकीय पुस्तिकांत फार वेळा सूचित केलं जातं. मला ते मान्य नाही. पहाटे पाचला बर्फाचा थर्मास घेऊन पाड्यावर येणारा माणूस व्यवस्थेने नेमलेला नाही, हे खरं कारण आहे.

असा माणूस नेमता येतो हे आफ्रिकेत दिसलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात पीटर स्प्रॅडब्रो यांनी उष्णता सोसणारा आय-टू नावाचा वाण शोधला आणि त्याचं बीज गरीब देशांच्या प्रयोगशाळांना दिलं. मोझांबिक आणि टांझानियात गावातल्याच लोकांना, त्यातही बायकांना, डोळ्यात थेंब टाकायला शिकवलं गेलं. दर चार महिन्यांनी ठरलेल्या आठवड्यात त्या घरोघर जातात आणि कोंबडीमागे थोडे पैसे घेतात. आपल्याकडे डॉ. नित्या घोटगे आणि डॉ. सागरी रामदास यांच्या ‘अंथ्रा’ या संस्थेने पशुवैद्यक आणि खेड्यातल्या बायका यांच्यातली दरी भरून काढायला 1990च्या दशकातच सुरुवात केली. महाराष्ट्रात ‘उमेद’ अभियानाच्या पशुसखी शेळ्यांचं लसीकरण आणि जंतनाशन करत पाड्यापाड्यांत फिरतात. त्यांच्या खांद्यावरच्या पेटीत लासोटाची कुपी नियमाने असायला हवी, आणि ती नियमाने भरून देणं हे पशुसंवर्धन खात्याचं काम आहे.

मानमोडीला ‘नेहमीचीच मर’ समजून सोडून देण्याची किंमत 2006 साली नवापूरने मोजली. नंदुरबार जिल्ह्यातलं, गुजरातच्या सीमेला लागून असलेलं हे गाव अंड्यांच्या व्यापारासाठी माहीत होतं. मोठमोठ्या शेडमध्ये लाखो कोंबड्या होत्या. त्या हिवाळ्यात कोंबड्या मरू लागल्या तेव्हा पहिला तर्क झाला तो राणीखेतचाच. तर्क वेडगळ नव्हता. धाप, हगवण, मानेचे झटके, भराभर मरतुक, सगळं जुळत होतं. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले आणि 18 फेब्रुवारी 2006 रोजी जाहीर झालं, की हा एच-फाइव्ह-एन-वन, बर्ड फ्लू आहे. भारतातल्या पाळीव पक्ष्यांमधला हा पहिला उद्रेक. तीन किलोमीटरच्या परिघातले सगळे पक्षी मारायचं ठरलं. त्या परिघात जशा मोठ्या शेड होत्या, तशी आदिवासी घरांची खुराडीही होती. सीमेपलीकडे गुजरातमधल्या उच्छलमध्येही तेच झालं. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत परसातल्या कोंबड्यांमध्ये विषाणू सापडला, आणि त्यानंतर शेजारच्या मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूर जिल्ह्यात. सगळे मिळून सुमारे दहा लाख पक्षी मारले गेले.

दोन रोग वरून सारखे दिसतात, म्हणून वेळीच नमुना जाणं महत्त्वाचं. बर्ड फ्लूच्या तीव्र रूपात पुष्कळदा घरघर व्हायलाही वेळ मिळत नाही. काल दाणे खाणारी कोंबडी सकाळी मरून पडलेली असते. तुरा आणि गलोल निळे-काळे पडतात, डोकं सुजतं, पायांच्या खवल्यांखाली रक्त साकळलेलं दिसतं. पण डोळ्यांनी खात्री होत नाही. पशुवैद्यही प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय ती देत नाहीत. आणि इथे लसीकरणाचा दुसरा उपयोग कळतो. गावातल्या कोंबड्यांना राणीखेतची लस नियमित मिळत असेल, तर अचानक आलेली मर ‘नेहमीची’ म्हणून दुर्लक्षिली जात नाही. काहीतरी वेगळं आहे हे पहिल्या दिवशीच कळतं.

ते कळल्यावर बाईने खबर द्यावी, यासाठी तिला कारणही हवं. बर्ड फ्लूमध्ये सरकार भरपाई देतं ती मारलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्या कोंबड्यांची भरपाई मिळत नाही. म्हणजे खबर दिली की मेलेल्या गेल्याच, जिवंत असलेल्याही जाणार, आणि पैसे हातात यायला सरकारी वेळ लागणार. 2008 साली पश्चिम बंगालमध्ये साथ मुख्यतः परसातल्या कोंबड्यांत पसरली. चाळीस लाखांहून अधिक पक्षी मारावे लागले, आणि पथकं येण्याआधी लोकांनी कोंबड्या लपवल्या. लपवणाऱ्यांना दोष देऊन काय होणार? भरपाईचा नियम बदलून, खबर दिल्यापासूनच्या सगळ्या कोंबड्या, मेलेल्या आणि मारलेल्या, धरल्या गेल्या तर लपवालपवीचं मुख्य कारण संपेल, असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतरही महाराष्ट्राने हे पुनःपुन्हा पाहिलं. जानेवारी 2021मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात बचत गटाच्या शेडमधल्या कोंबड्या दोन दिवसांत शेकड्यांनी मेल्या आणि उरलेल्या हजारो माराव्या लागल्या. पाठोपाठ फेब्रुवारीत विषाणू पुन्हा नवापुरात आला. जानेवारी 2025मध्ये रायगडच्या उरण तालुक्यातल्या चिरनेरमध्ये तो थेट घरगुती कोंबड्यांत सापडला. आता मारण्याचा परीघ एक किलोमीटरवर आला आहे, एवढाच बदल.

फरीदाबादेत बसून हे सगळं दूरचं वाटू नये. 2021च्या त्याच जानेवारीत हरियाणातल्या पंचकुला जिल्ह्यात बरवाला परिसरात लाखाहून अधिक कोंबड्या माराव्या लागल्या. तिथला विषाणू एच-फाइव्ह-एन-एट होता. त्याच वर्षी जुलैमध्ये गुरुग्राममधला अकरा वर्षांचा, रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेला मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये दगावला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्याच्या नमुन्यात एच-फाइव्ह-एन-वन असल्याचं निश्चित केलं. भारतातला हा या विषाणूचा पहिला नोंदलेला मानवी मृत्यू. पशुसंवर्धन खात्याला त्या परिसरात कोंबड्यांमध्ये संशयित आजार आढळला नाही. गुरुग्राम आमच्यापासून अरवलीची एक रांग ओलांडली की आलंच. त्या रांगेत मोर आहेत, आणि मोरालाही राणीखेत होते. खाली बिहार-बंगालहून कारखान्यांत आलेल्या कुटुंबांच्या भाड्याच्या खोल्यांमागे चार-पाच कोंबड्या आहेत. त्यांची मर मोजणारं कोणी नाही. हरियाणातले नमुने आधी जालंधरच्या विभागीय रोगनिदान प्रयोगशाळेत जातात आणि संशय पक्का झाला की भोपाळला. महाराष्ट्रातले औंधहून भोपाळला. वाट दोन्हीकडे आखलेली आहे. तिच्या सुरुवातीला मात्र कोणीतरी मेलेली कोंबडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दवाखान्यात न्यावी लागते.

इथल्या हिवाळ्याचा स्वतःचा एक त्रास आहे. दिवाळीनंतर हवा जड होते, शेताच्या जाळपोळीचा आणि कारखान्यांचा धूर खाली बसतो, आणि थंडी लागू नये म्हणून लोक खुराडं चहूबाजूंनी गोणपाटाने बंद करतात. आतली विष्ठा ओलसर राहते, तिच्यातून अमोनिया सुटतो, आणि श्वासनलिकेच्या आतल्या बारीक केसांचं झाडू मारण्याचं काम बंद पडतं. मग मायकोप्लाझ्मासारखा सुप्त बसलेला जंतू डोकं वर काढतो. खुराड्याच्या दाराशी कोंबडीच्या उंचीवर वाकून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर हवा वाईट आहे. वाऱ्याचा झोत अंगावर येणार नाही अशी, पण छपराजवळ हवा खेळेल अशी फट ठेवावी. तूस कोरडं ठेवावं आणि भिजलेलं लगेच काढावं. धुराची चूल खुराड्याच्या भिंतीला लागून नको. दुकानातल्या पुडीपेक्षा यात जास्त उपचार आहे.

घरघर लागलीच तर आजारी कोंबडी डालग्याखाली वेगळी ठेवावी, तिचं पाण्याचं भांडं वेगळं असावं, ऊब द्यावी, गूळ-मिठाचं पाणी आणि भिजवलेला कण्यांचा मऊ घास द्यावा. निरोगी कोंबड्यांना आधी दाणे टाकावेत, आजारीकडे शेवटी जावं आणि हात साबणाने धुवावेत. पशुवैद्याने तपासून कोरायझा किंवा सीआरडी ठरवला तर प्रतिजैविक नक्की काम करतं, पण ठरलेल्या मात्रेत आणि ठरलेले दिवस, आणि त्या काळातली अंडी खाऊ-विकू नयेत. दोन दिवसांत कोंबडी बरी दिसली म्हणून औषध थांबवलं की जंतू शिल्लक राहतो, आणि तोही त्या औषधाला सरावलेला. प्रतिजैविकांच्या या वापराची काळजी आपण उशिरा घेऊ लागलो. माणसांच्या अखेरच्या उपचारासाठी राखून ठेवलेलं कोलिस्टिन आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात वर्षानुवर्षं घातलं जात होतं. त्यावर सरकारने 2019च्या जुलैमध्ये बंदी आणली. अमेरिकेने कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन 2005मध्येच बंद केलं. आपल्या कृषी सेवा केंद्रांत ते अजून चिठ्ठीशिवाय मिळतं.

सीआरडीबद्दल एक गोष्ट खुराडंवाल्या प्रत्येकाला माहीत हवी. औषधाने लक्षणं जातात, जंतू बहुधा जन्मभर अंगात राहतो आणि अंड्यातून पिल्लात उतरतो. ज्या कोंबडीला तो होऊन गेला तिची अंडी खुडुक कोंबडीखाली घालू नयेत. बाजारातून, जत्रेतून, पाहुण्यांकडून आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी बांधावी. मर सुरू झाली की घाईघाईने उरलेल्या कोंबड्या आठवडी बाजारात विकणं, हाच साथ एका गावातून दुसऱ्या गावात जाण्याचा सर्वात सोपा रस्ता आहे. गरजेपोटी ते केलं जातं हे मला समजतं. तरी ते थांबायला हवं. मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा नाल्यात न टाकता चुना घालून खोल पुरावी. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या अचानक मेल्या तर सोलू-कापू नये, मुलांना दूर ठेवावं आणि त्याच दिवशी दवाखान्याला कळवावं.

लशीसाठी नोव्हेंबर चांगला. हवा थंड असते, बर्फ टिकतो, आणि हिवाळ्याच्या-उन्हाळ्याच्या साथी अजून यायच्या असतात. आठवडाभर आधी जंताचं औषध द्यावं. वाडीतल्या आठ-दहा घरांनी एक पहाट ठरवावी आणि लस देऊन होईपर्यंत कोणीही खुराडं उघडू नये. कुपी थर्मासमध्ये बर्फावर आणावी, सावलीत फोडावी. लहान पिल्लांना डोळ्यात थेंब आणि तो आत जाईपर्यंत क्षणभर मान धरून ठेवायची. दोन महिन्यांच्या तलंगांना पशुवैद्याकडून आर-टू-बी. आजारी आणि अंड्यावर असलेल्या कोंबड्यांना आर-टू-बी त्या दिवशी देऊ नये. थेंब टाकणाऱ्याने आपले डोळे चोळू नयेत, कारण या विषाणूने माणसाचे डोळेही चार दिवस लाल होतात. कुपीत उरलेल्या मात्रा लगेच, दोन तासांच्या आत, पुढच्या वाडीत न्याव्यात, तिथल्या कोंबड्या तोवर झाकून ठेवायला आदल्या दिवशीच सांगून ठेवावं.